अजून न उघडलेला रस्ता

सायकल कशी चालवायची हे मला कुणी शिकवू नये. साठी उलटली तरी मी अजून टांग मारून बसतो, आणि चढ आला की सीटवरून उठून कमरेत हेलकावे खाणाऱ्या पोरांकडे बघून मला हसू येतं. चढ बसून चढायचा असतो. पस्तीस वर्षं मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यापर्यंत सायकलने गेलो आणि सायकलनेच परत आलो. आधी माग चालवायला, पुढे जॉबर म्हणून. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. एवढ्या वर्षांत मी कुणाला धडकलो नाही. मला जे धडकले ते सगळे मागून आले.

मागून येणारा आधी ऐकू यावा लागतो, आणि माझी गोम तिथेच होती. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने यंत्रमाग चालतात, आडवा दोरा नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटत असतो, आणि तो आवाज दातांतसुद्धा जाणवतो. तिथे कुणी बोलत नाही, नुसते ओठ हलवतो आणि समोरचा ते वाचतो. चार मागांपलीकडच्या माणसाला मी चहा सांगायचो, आणि साखर कमी घालायची हेही त्याला कळायचं. नवा आलेला माणूस महिनाभर ओरडतो, मग त्याचा घसा बसतो आणि तो शहाणा होतो.

माझी बायकोही त्याच कारखान्यात, पलीकडच्या शेडमध्ये टॉवेलच्या कडा शिवायला होती. आमच्या घरात तेलुगू बोलतात, दाराबाहेर मराठी. भांडण मात्र आम्ही दोघंही बिनआवाजाचं करतो, फक्त ओठांनी. कारखान्याची सवय. गल्लीतल्या बायका तिला विचारायच्या, तुमच्याकडे कधी आवाज चढत नाही, काय करता हो? ती म्हणायची, आमचे हे शांत आहेत. मी शांत बिलकूल नाही.

माझं ऐकणं एकदम गेलं नाही. आधी पाखरं गेली, मग दुधवाल्याची घंटी, मग कुकरची शिट्टी. कारखाना सोडला तेव्हा डावा कान पुरता गेला होता. पुढच्या दोनेक वर्षांत उजवाही गेला. शेवटी त्याला ढगांचा गडगडाट आणि वरातीतला ढोल एवढंच उरलं, मग तेही गेलं. घरी मी ‘जरा कमी येतं’ म्हणून ठेवलं होतं. समोर बसून बोलणाऱ्याचा एक शब्द मी खाली पडू देत नव्हतो, तेव्हा कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी ती का झाकली, हे सांगून टाकतो. आमच्या गल्लीत एक बहिरे आजोबा होते. लोक त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलायचे, आणि जेवायला बोलवायचं झालं की खांदा धरून हलवायचे. मला कुणी असं हलवलेलं खपणार नाही. कानात घालायचं यंत्र मी एकदा गुपचूप दुकानात जाऊन लावून बघितलं होतं. सगळा कारखाना पुन्हा डोक्यात सुरू झाला, तेव्हा काढून दिलं आणि घरी आलो.

मग एका सकाळी अक्कलकोट रोडवर एक टेम्पो माझ्या कोपराला घासून गेला. मी रस्त्याकडेच्या मुरमात पडलो, तळहात सोलले, पुढचं चाक वाकडं झालं. टेम्पोवाला थांबला बिचारा, त्यानेच मला घरी आणून सोडलं. लांबून हॉर्न देत आलो, असं तो बायकोला पुन्हा पुन्हा सांगत होता. तिने ऐकून घेतलं, माझ्या हाताला हळद लावली आणि त्या संध्याकाळी समोर बसून नियम घातला.

“सायकल बंद. मागून गाडी येणारच नाही असा रस्ता दाखवा, मग खुशाल जा.”

असा रस्ता जगात नाही, हे धरूनच ती बोलली होती. पण माणसाने माझ्याशी पैज लावताना जरा विचार करावा. मला महिना पुरला.

शहराला बाहेरून वळसा घालणारा नवा चौपदरी रस्ता तेव्हा बांधून तयार होता. काँक्रीट झालं होतं, पांढरे पट्टे मारून झाले होते, दुभाजकात कण्हेर लावून झाली होती. फक्त रेल्वेवरचा एक पूल अडला होता, म्हणून रस्ता उघडला नव्हता. दोन्ही टोकांना मुरमाचे ढीग टाकून वाट बुजवली होती. ढिगाच्या कडेने सायकल हातात धरून नेता येईल एवढी फट होती, आणि फटीपाशी पत्र्याची खोपी आणि बाज टाकून एक पहारेकरी बसलेला असे. जवळच्याच गावचा, पन्नाशीचा, जाड मिशीवाला गडी. त्याचं अर्धं रान या रस्त्यात गेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात तो ज्वारी करत होता. पहिल्या दिवशी त्याने मला अडवलं.

“ओ मालक, कुटं निगाला? रस्ता बंद हाय.”

“म्हणूनच आलोय, मामा,” मी म्हणालो.

हे उत्तर त्याला एवढं आवडलं की पुढे कधी त्याने अडवलं नाही. मी बायकोला सगळं खरं सांगितलं. रस्ता कुठे आहे, तो बंद कसा आहे, मागून काय, पुढूनही गाडी येत नाही. तिने शब्द दिलेला होता, तो फिरवणाऱ्यांतली ती नाही. “रस्ता उघडेपर्यंत,” एवढंच ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

त्या थंडीत मी राजा होतो. दुसरा शब्द मला सुचत नाही. उजाडता उजाडता ढीग ओलांडायचा, आणि समोर चार पदरी रस्ता, एकट्या माझ्यासाठी. हवं तर डावीकडून जा, हवं तर मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरून. रस्त्यावर सतत मान वळवून मागे बघायची मला इतकी सवय झाली होती की मानेचा एक स्नायू कायमचा आखडून गेला होता. आठ दिवसांत तो सुटला. मागे बघायचं कारणच नव्हतं. ऐकू येणारा माणूस आणि मी, त्या रस्त्यावर आमच्यात काही फरक नव्हता, आणि हे मला किती हवं होतं ते तिथे गेल्यावरच कळलं.

सुरुवातीचे काही किलोमीटर दोन्हीकडे काळं रान. ज्वारी, मध्येच तूर, बांधावर बाभळी. मग जमीन हळूहळू वर चढायला लागते, माती पातळ होते आणि माळ सुरू होतो. कुसळीचं वाळलेलं गवत आणि त्यातून डोकी वर काढलेले काळे दगड. पलीकडे माथा कापून टाकल्यासारखी सपाट टेकाडं. लहानपणापासून ही टेकाडं मी बघत आलो होतो आणि टेकडीचा माथा असाच असतो, असं मानत होतो. शाळेत भूगोलाच्या पेपरात ‘दख्खनचे पठार लाव्हारसापासून बनले आहे’ हे वाक्य मी न चुकता लिहिलं होतं आणि त्याचे गुणही घेतले होते. आपण त्याच लाव्ह्यावर उभे आहोत, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

ते डोक्यात शिरलं त्यातल्याच एका टेकाडाच्या खिंडीत. रस्ता सरळ नेण्यासाठी तिथे टेकाड मधोमध कापलं होतं. दोन्ही बाजूंना दोन-तीन पुरुष उंचीच्या उभ्या काळ्या भिंती. एकदा कॉलेजची मुलं-मुली हातोड्या घेऊन आली होती, आणि त्यांच्या मॅडम भिंतीसमोर उभ्या राहून शिकवत होत्या. शिक्षकांचे ओठ स्वच्छ हलतात. मी सायकल टेकवून फुकटात वर्गात बसलो. त्यांनी सांगितलं की जमिनीला भेगा पडून रस वर आला, पसरला आणि थिजला. मग कितीतरी काळ काहीच झालं नाही. त्याच्यावर माती झाली, त्या मातीवर काही उगवलंही असेल. मग पुन्हा रस आला आणि त्या मातीला भाजून काढून वर पसरला. काळ्या भिंतीत मध्येच वीटभर जाडीचा तांबडा पट्टा आडवा गेला होता, ती म्हणजे ती भाजलेली माती. मी जवळ जाऊन पट्ट्यावर बोट फिरवलं. बोटाला गेरू लागला.

त्या दिवसापासून मला तो रस्ता जास्तच माझा वाटायला लागला. कुठे खडकाला कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले, कुठे भोकाभोकांचा दगड आणि भोकांत पांढऱ्या गारगोट्या. पायाखालचा सगळा मुलूख एकदा पातळ होऊन वाहिला होता, आणि त्या दिवशी केवढा आवाज झाला असेल, आणि तो ऐकायला कुणीही नव्हतं, याचं मला उगाच बरं वाटे. खिंडीच्या माथ्यावर बसून मी भाकरी खायचो. कधी काळविटांचा कळप रस्ता ओलांडायचा. त्यांच्याही लक्षात आलं होतं की हा रस्ता बंद आहे. मग उतार. उतारावर मी ब्रेकला बोट लावत नसे.

पुलाचं काम संपत आल्याच्या बातम्या यायला लागल्या. माझे दिवस भरत आले होते, म्हणून मी एकही चक्कर चुकवत नव्हतो. पाणी मात्र कुणाला चुकत नाही. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, आणि तो कधी येईल ते नळालाच ठाऊक. त्या दिवशी तो सकाळी आला. बादल्या, पिंप, गच्चीवरची टाकी भरण्यात सकाळ गेली, तेव्हा मी दुपार कलल्यावर सायकल काढली. दुपारी मी त्या रस्त्यावर कधी गेलो नव्हतो.

खोपीत पहारेकरी नव्हता. मी फटीतून आत शिरलो आणि निघालो. खिंड समोर दिसायला लागली तेव्हा रस्त्याच्या मधोमध दोन दगडांत रोवलेली एक काठी लागली. काठीला लाल फडकं बांधलेलं होतं.

आता हे नीट सांगायला हवं, कारण ही चूक कारखान्यातला माणूसच करू शकतो. जॉबर मागात हात घालतो तेव्हा पहिलं काम काय करतो, तर मागाच्या हँडलला लाल चिंधी बांधतो. चिंधी आहे म्हणजे माग बंद आहे, कुणी चालू करायचा नाही, जॉबरने खुशाल हात घालावा. जॉबर झाल्यापासून माझ्या खिशात कायम लाल चिंधी होती. तिच्या भरवशावर माझी दहाही बोटं जागेवर आहेत. सगळ्या जगासाठी लाल म्हणजे थांबा. माझ्यासाठी लाल म्हणजे काम बंद, आता तू आत जा. मी ते फडकं पाहिलं आणि मनात म्हणालो, चला, आज खिंडीत काम बंद आहे. आणि काठीला वळसा घालून पुढे गेलो.

खिंडीच्या एका बाजूचा कातळ गटाराच्या वाटेत पुढे आला होता. तो सुरुंग लावून उडवायचा राहिला होता, आणि नेमका त्या दुपारी उडवणार होते.

मी चढ चढत होतो, बसून, नेहमीसारखा. एकाएकी सायकल मागे खेचली गेली. कुणीतरी कॅरिअर धरला होता. मी सायकलसकट आडवा झालो आणि माझ्या अंगावर पहारेकरी पडला. त्याच्या पलीकडे त्याची मोटारसायकल आडवी पडून चाक फिरत होतं. मी त्याला झिडकारून उठणार, तेवढ्यात रस्ता खालून हादरला. कुणी ओली गोधडी जोरात झटकावी तसा धक्का छातीवर आला. खिंडीतून धुळीचा लोट उठला आणि काळे कपचे रस्त्यावर पडायला लागले, आमच्यापासून पुढे, पंचवीस-तीस पॅडलांवर. त्यातला एक दगड पाट्याएवढा होता. तो काँक्रीटवर आपटून दोनदा उसळला, आणि यातलं काहीही मला ऐकू आलं नाही. मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

धूळ बसल्यावर पहारेकरी उठला. त्याचं कोपर रक्ताने भरलं होतं. चिडलेला माणूस तोंड मोठं उघडतो, मिशीआडूनसुद्धा वाचायला सोपा जातो.

“बहिरं हायसा का काय ओ? तीनदा भोंगा वाजीवला! मी मागनं बोंबलत आलो दोन फर्लांग! फडकं दिसलं न्हाय व्हय?”

“वारा उलटा होता, मामा. ऐकू नाही आलं.”

“वारं?” त्याने रस्त्याकडेच्या बाभळीकडे हात केला. “पान हलंना की हितं!”

मी त्याचं कोपर माझ्या रुमालाने बांधलं. तो जिवावर उदार होऊन आला होता आणि मी त्याला वाऱ्याची थाप मारत होतो. निघताना मी म्हणालो, घरी कळू देऊ नका. तो म्हणाला, “मी कशाला सांगतुय? पर तुमी सांगा, मालक. घरच्यापास्नं लपवू ने.”

मी सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून सायकल काढायची बंद केली. सकाळी उठून पेपर वाचायला लागलो. चोराच्या मनात चांदणं असतं. ती चहा समोर ठेवायची तेव्हा मला वाटायचं, आता विचारणार. सांगितलं तर सायकल गेली, आणि सायकलबरोबर ती मूठही उघडणार. न सांगावं, तर त्या पाट्याएवढ्या दगडाची उसळी डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिने शब्द पाळला होता आणि मी तिला अर्धंच खरं सांगून तो घेतला होता. याची मला लाज वाटत होती, पुरती वाटत होती.

आठव्या दिवशी जेवताना तिने विचारलं, “रस्ता उघडला का?”

“नाही. सायकल पंक्चर आहे.”

ती उठली, बाहेर जाऊन दोन्ही टायर दाबून आली आणि परत समोर बसली. मग मी सांगितलं. पाण्याचा दिवस, काठी, लाल फडकं. फडक्यापाशी आलो तेव्हा तिने कपाळावर हात मारला. दुसऱ्या कुणाला ही चूक समजावून सांगायला तास लागला असता. तिला एका क्षणात कळली. “जॉबर,” ती म्हणाली, “मेलात तरी जॉबरच राहाल.” मला वाटलं, सुटलो. पण ती शिवणकामाची बाई, टाका कुठे उसवलाय ते तिला बरोबर दिसतं.

“भोंगा वाजवला असेल ना?”

“वाजवला म्हणे. वारा उलटा होता.”

ती ताटं उचलता उचलता एवढंच म्हणाली, “उद्या मला बघायचाय तुमचा रस्ता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षाने आली आणि मी सायकलने, गल्लीबोळांतून. पहारेकरी बाजेवरून उठून उभा राहिला. कोपराला अजून पट्टी होती. ती त्याच्याशी बोलायला गेली तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती, पण त्याचं तोंड मला दिसत होतं. “न्हाय ताई,” तो म्हणत होता, “भोंगा पार आमच्या गावात ऐकू येतुय की.” मी दुसरीकडे बघायला लागलो.

मग आम्ही दोघं बंद रस्त्यावरून खिंडीपर्यंत चालत गेलो, मी सायकल हातात धरून. बराच वेळ लागला. खिंडीतला नवा फोडलेला कातळ अजून कोवळा काळा होता, धुतल्यासारखा. मी तिला तांबडा पट्टा दाखवला आणि मॅडमचा सगळा धडा तोंडपाठ म्हटला. तिने पट्ट्यावर बोट फिरवलं आणि ते पदराला पुसलं. माथ्यावर आल्यावर ती कठड्याला टेकून उभी राहिली.

“चालवून दाखवा,” ती म्हणाली.

मला एवढंच हवं होतं. टांग मारली आणि उतारावर सुटलो. खरं सांगतो, त्या क्षणी मी सगळं विसरलो. बायको बघतेय म्हणून मी पांढऱ्या पट्ट्यावरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी सायकल घेतली. या वयात. समोर अख्खं काळं रान पसरलेलं, वर ऊन, अंगावर वारा, आणि चाकांचा थरार तळव्यांत. मी खालपर्यंत गेलो, मोठा वळसा घेतला आणि चढायला लागलो.

अर्ध्या चढावर मान वर केली तेव्हा ती दिसली. रस्त्याच्या मधोमध येऊन उभी होती, दोन्ही हात तोंडाच्या बाजूंना धरून. तिचे ओठ हलत होते. आमच्याकडे बायको नवऱ्याला ‘एमंडी’ म्हणते, म्हणजे मराठीतलं ‘अहो’. तिचे ओठ लांबूनही मला वाचता येतात. एमंडी. एमंडी. एमंडी. मी निघाल्यापासून ती हाका मारत होती.

एक युक्ती अजून हाताशी होती. हात वर करायचा आणि ‘आलो, आलो’ म्हणायचं. उतारावर वारा कानात भरतो, म्हणून वळलो नाही, असं सांगायचं. ते पटलंही असतं कदाचित. माझा हात हँडलवरून सुटलासुद्धा. मग मी तो परत ठेवला आणि चढून तिच्यासमोर येऊन उतरलो.

“किती हाका मारल्या?” तिने विचारलं.

“मला एकही ऐकू आली नाही.”

“वाऱ्यामुळे?”

“नाही. मला ऐकू येतच नाही. काहीच येत नाही.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं होतील.”

मला वाटलं, आता सायकलवर येईल, नियमावर येईल. मी उत्तरं तयार ठेवली होती. उत्तरांत मी कधी कमी पडलो नाही. पण ती खाली कठड्याच्या पायथ्याशी बसली. डोळे भरले होते. मग तिचे ओठ हलले. आवाज होता की नव्हता, मला काय कळणार.

“दोन वर्षं मी स्वयंपाकघरातून तुमच्याशी बोलतेय,” ती म्हणाली. “पाठमोरी. भाकरी थापताना, भांडी घासताना. तुम्ही बाहेर पेपर वाचत बसलेले असता. कधी उत्तर नाही, कधी हूं नाही. मला वाटलं, माझा कंटाळा आला तुम्हाला.”

मी दोन वर्षं माझी मूठ सांभाळत बसलो होतो, आणि ती माझ्या पाठीमागे राहून हे गिळत होती. बहिऱ्या माणसाला लोक खांदा धरून हलवतात, याची मला भीती होती. तिने मला एकदाही हलवलं नव्हतं. ती फक्त बोलत राहिली होती आणि वाट बघत राहिली होती.

सायकल स्टँडला लावायचं माझं भानच गेलं. ती रस्त्यावर आडवी पडली, तशीच पडू दिली. तिला कोण उडवणार होतं? मी बायकोच्या समोर, रस्त्याच्या मधोमध, काँक्रीटवर मांडी घालून बसलो, तिचं तोंड नीट दिसेल असा.

“सांग,” मी म्हणालो. “काय काय बोललीस ते सगळं सांग.”

“सगळं कसं आठवेल?” तिने डोळे पुसले. “काहीबाही बोलते मी. फोडणीचं, शेजारणीचं.”

“तेच सांग.”

ती जरा पुढे सरकली आणि बोलायला लागली.